युद्धनौकेची प्रतिकृति : ती कशी करावी व कां करावी

दिवाळीच्या सुटींत आपल्याकडील मुलें अंगणांत मातीचा किल्ला करितात. त्या किल्ल्यास बुरूज असतात, दरवाजा असतो, अळीव पेरून उगविलेलें रान असतें, आणि गडाच्या माथ्यावर महाराज विराजमान झालेले असतात. परंतु त्या किल्ल्यांत महाराज बुरुजाहून उंच असतात, आणि पायथ्याच्या मावळ्यास दरवाजांतून वांकूनहि आंत जातां येत नाहीं. यांत कांहीं उणें आहे असें नव्हे. तो किल्ला कल्पनेचा आहे, आणि कल्पनेला गजकाठी लागत नाहीं. मात्र ज्या दिवशीं एखादा मुलगा "हा बुरूज खरोखर किती उंच होता?" असें विचारूं लागतो, त्या दिवशीं त्याच्या खेळाचें रूपांतर अभ्यासांत होतें. त्या एका प्रश्नापासून सुरू होणाऱ्या कलेची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. ती कला म्हणजे प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून युद्धनौकेची प्रमाणबद्ध प्रतिकृति तयार करणें ही होय.

केवळ सामान्य नियम सांगून विषय मनांत ठसत नाहीं; म्हणून एकच जहाज उदाहरणादाखल घेतों. तें जहाज म्हणजे ब्रिटिश आरमारांतील 'हूड'. त्याचा कणा स्कॉटलंडमध्यें क्लाइडबँक येथील जॉन ब्राऊन कंपनीच्या कारखान्यांत ता. १ सप्टेंबर १९१६ रोजीं घालण्यांत आला. त्याच वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस जटलंडची लढाई होऊन तींत याच वर्गाचीं तीन ब्रिटिश जहाजें स्फोट होऊन बुडालीं होतीं. त्या कटु अनुभवावरून 'हूड'च्या आराखड्यांत फेरफार करून त्याचें चिलखत वाढविण्यांत आलें. ता. २२ ऑगस्ट १९१८ रोजीं तें पाण्यांत लोटण्यांत आलें; जटलंडच्या लढाईंत मरण पावलेले रिअर ॲडमिरल होरेस हूड यांच्या पत्नीच्या हस्तें तो समारंभ झाला. मे १९२० मध्यें तें आरमारांत दाखल झालें. त्याची लांबी ८६० फूट ७ इंच, म्हणजे सुमारें २६२ मीटर. रुंदी सुमारें ३२ मीटर. चार बुरुजांत मिळून १५ इंच व्यासाच्या आठ तोफा. आणि वेग सुमारें ३२ नॉट, म्हणजे ताशीं ५९ किलोमीटर. जवळजवळ वीस वर्षें तें जगांतील सर्वांत मोठें युद्धजहाज म्हणून गणलें जात होतें.

पूर्वेतिहास :— जहाजाची प्रतिकृति करणें हें काम प्रथम मुलांचें नव्हतें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील कुशल कारागीर आरमारी जहाजांच्या लांकडी प्रतिकृती मोठ्या मेहनतीनें करीत; त्यांपैकीं कित्येक आज ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत पाहावयास मिळतात. शाळकरी मुलांचा या कामाशीं संबंध आला तो पुढें. दुसऱ्या महायुद्धांत, सन १९४२ मध्यें, अमेरिकन आरमारानें त्या देशाच्या हायस्कुलांतील विद्यार्थ्यांकडे पांच लक्ष विमानांच्या लांकडी प्रतिकृती मागितल्या. आकाशांत दिसणारें विमान शत्रूचें कीं मित्राचें, हें क्षणार्धांत ओळखण्याचें शिक्षण सैनिकांस त्यांवरून द्यावयाचें होतें. प्रत्येक प्रतिकृति तपासून पसंत पडल्यावरच स्वीकारली जाई. अचूक मापाची किंमत काय असते, हें त्या मुलांस पाठ्यपुस्तकाच्या बाहेर समजलें. युद्ध संपल्यावर लांकडाची जागा हळूहळू प्लास्टिकनें घेतली. १९५२ मध्यें ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीनें 'गोल्डन हाइंड' या जुन्या शिडाच्या जहाजाचे, आणि १९५३ मध्यें अमेरिकेंतील रेव्हेल कंपनीनें 'मिसुरी' या युद्धनौकेचे सुटे भाग विकावयास काढले. तेव्हांपासून कारागिराची ही कला सामान्य घरांतील जेवणाच्या मेजावर आली.

प्रमाण :— खोक्यावर १/३५०, १/६००, १/७०० असे अंक छापलेले असतात. १/३५० याचा अर्थ असा कीं, प्रतिकृतीवरील एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरील साडेतीन मीटर. यांपैकीं कांहीं अंकांमागें फूट-इंचांचा सोपा हिशेब आहे. १/६०० म्हणजे एका इंचास पन्नास फूट. १/१२०० म्हणजे एका इंचास शंभर फूट. आणि वर सांगितलेलीं अमेरिकन मुलांचीं विमानें १/७२ प्रमाणाचीं, म्हणजे एका इंचास सहा फूट अशीं होतीं. १/७०० हें प्रमाण १९७१ सालीं जपानांतील चार कंपन्यांनीं एकविचारानें रूढ केलें. एकच जहाज चौघांनीं करून एकमेकांचें नुकसान करण्यापेक्षां त्यांनीं जहाजें आपसांत वांटून घेतलीं. त्या मालिकेंतील जहाजें पाण्याच्या रेषेवर कापल्यासारखीं असतात, त्यामुळें मेजावर ठेविलीं असतां समुद्रावर तरंगत असल्यासारखीं दिसतात.

आतां 'हूड'ची लांबी या प्रमाणांनीं भागून पाहा. १/७०० प्रमाणांत ती साडेसदतीस सेंटिमीटर होते, १/६०० मध्यें सुमारें चव्वेचाळीस, आणि १/३५० मध्यें पाऊण मीटर. येथवर हिशेब सरळ आहे. परंतु लांबी ३५० पटींनीं कमी झाली म्हणून वजनहि ३५० पटींनींच कमी होईल, असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें, आणि येथें त्यांची गल्लत होते. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही ३५० पटींनीं कमी होतात. म्हणून पृष्ठभाग ३५० च्या वर्गानें, म्हणजे १,२२,५०० पटींनीं, आणि घनफळ ३५० च्या घनानें, म्हणजे ४,२८,७५,००० पटींनीं कमी होतें. पूर्ण भरलेल्या 'हूड'चें वजन सुमारें ४७,४०० टन होतें. त्यास या संख्येनें भागिलें असतां उत्तर येतें सुमारें १.१ किलो. प्रतिकृति पाण्यांत सोडून खऱ्या जहाजाइतकीच बुडावी असें वाटत असेल, तर ती तराजूंत इतकीच भरली पाहिजे. गणिताच्या तासाला दशांशचिन्ह पाहून कपाळास आंठ्या घालणारे विद्यार्थी या कामांत मिलिमीटरच्या दशांशावरून हिरिरीनें वाद घालतांना मीं पाहिले आहेत.

सुटे भाग कसे तयार होतात :— पॉलिस्टायरीन नांवाचें प्लास्टिक तापवून पातळ करितात आणि मोठ्या दाबानें पोलादी सांच्यांत घालितात. तें निवालें कीं सांच्याचीं दोन्ही दळें अलग करून पोलादी टांचण्यांनीं भाग बाहेर ढकलतात. आपल्या घरांतील मोदकाचा सांचा ज्यानें पाहिला आहे, त्यास ही क्रिया सहज समजेल. मोदकावर जशी दोन दळांच्या सांध्याची बारीक रेघ उठते, तशीच ती प्रत्येक प्लास्टिकच्या भागावर उठते. टांचण्यांच्या गोल खुणाहि आंतल्या अंगास राहतात. ह्या खुणा म्हणजे कारखान्याच्या खुणा होत, जहाजाच्या नव्हेत. म्हणून त्या घांसून काढणें हें आपलें पहिलें कर्तव्य ठरतें.

सांच्याची आणखी एक मर्यादा आहे. जहाजाच्या कडेस लोखंडी कठडा असतो. त्याचा खांब अडीच सेंटिमीटर जाड धरला, तर १/३५० प्रमाणांत तो ०.०७ मिलिमीटर, म्हणजे केंसाएवढा होतो. इतक्या अरुंद वाटेंत पातळ प्लास्टिक शिरत नाहीं, आणि शिरलें तरी सांच्यांतून अखंड बाहेर येत नाहीं. म्हणून कठडे, शिड्या, जाळ्या यांसाठीं निराळा उपाय योजितात. पितळेच्या फार पातळ पत्र्यावर प्रकाशाचा परिणाम होणारा लेप देऊन त्यावर आकृति उठवितात. जेथें लेप राहत नाहीं तेथील धातु रासायनिक द्रावणांत विरघळून जाते, आणि हवी ती नक्षी शिल्लक उरते. सोनाराच्या जाळीकामाहून नाजूक असा हा पत्रा बहुधा स्वतंत्र विकत घ्यावा लागतो.

कोणत्या दिवसाचें जहाज? :— खोकें उघडण्यापूर्वीं एका प्रश्नाचा निकाल लावला पाहिजे, आणि माझ्या मतें साऱ्या कामांत हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. आपण करणार तें जहाज कोणत्या दिवसाचें? जहाज म्हणजे दगडी पूल नव्हे कीं एकदां बांधला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहील. 'हूड' आरमारांत आलें तेव्हां त्यावर साडेपांच इंची बारा दुय्यम तोफा होत्या. १९४० पर्यंत त्या सर्व काढून टाकण्यांत आल्या, आणि १९४१ मध्यें त्यांच्या जागीं विमानांवर मारा करणाऱ्या चार इंची तोफांच्या सात जोड्या होत्या. १९३६ ते १९३९ या काळांत तें भूमध्य समुद्रांतील आरमारांत होतें, तेव्हां त्याचा रंग फिकट राखी होता. त्या वेळीं स्पेनमध्यें यादवी युद्ध चाललें असल्यामुळें, आपण तटस्थ आहों हें वरून विमानांस कळावें म्हणून एका बुरुजावर तांबडा, पांढरा व निळा असे पट्टे ओढलेले होते. महायुद्धांत रंग गडद झाला, आणि १९४१ च्या आरंभीं रडारचें साहित्य चढविण्यांत आलें. आतां एखाद्यानें बारा जुन्या तोफा, स्पेनच्या वेळचे पट्टे आणि १९४१ चें रडार हें सर्व एकाच प्रतिकृतीवर बसविलें, तर तें पेशव्यांच्या दरबाराच्या चित्रांत विजेचा दिवा काढल्यासारखें होईल. प्रत्येक भाग खरा, पण सगळें मिळून खोटें.

हा दिवस ठरविण्यास पुरावा लागतो, आणि पुरावा कसा पारखावा हें शिकणें हा या कामाचा मोठा लाभ आहे. जहाजाचे मूळ आराखडे बांधणीच्या वेळचे असतात, पुढील फेरफार त्यांत असतीलच असें नाहीं. छायाचित्र विश्वसनीय खरें, पण त्याची तारीख ठाऊक असेल तरच. शिवाय जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवरून रंग ठरवितां येत नाहीं. कारण त्या काळच्या कित्येक फिल्मांवर तांबडा रंग काळसर आणि निळा रंग फिकट उमटे. डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसाची आठवण मोलाची, पण ती आठवण किती वर्षांनीं सांगितली हेंहि पाहावें लागतें. आराखडा, छायाचित्र व आठवण या तिघांची साक्ष जुळली म्हणजे निकाल द्यावा. इतिहासाचा अभ्यास याहून निराळा नसतो.

प्रत्यक्ष कृति :— साहित्य फार लागत नाहीं. धारदार सुरी, बारीक कानस, टोंकदार चिमटा, निरनिराळ्या नंबरांचे पॉलिश पेपर, दोन-तीन कुंचले, लांबी आणि भरपूर उजेड, एवढें असलें म्हणजे पुरे.

प्रथम सर्व भाग खोक्यांतील यादीशीं ताडून पाहावेत. ते ज्या चौकटीस जोडलेले असतात त्या चौकटीसह कोंबट साबणाच्या पाण्यांत धुऊन वाळवावेत. सांच्यांतून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट अंश राहिला, तर पुढें रंग धरत नाहीं. भाग चौकटीपासून पिळून तोडूं नयेत. थोडें अंतर राखून कापावेत आणि उरलेली गांठ मग सुरीनें व कानशीनें साफ करावी. कोणताहि भाग चिकटविण्यापूर्वीं एकदां कोरडा बसवून पाहावा. हा नियम लहानसा दिसतो. पण चिकटविल्यानंतर केलेला विचार बहुधा पश्चात्तापाच्याच कामीं येतो.

जहाजाचें धड बहुधा डावें व उजवें अशा दोन भागांचें असतें. तें जोडण्यास जो द्रव वापरतात तो डिंक नव्हे. डिंक दोन वस्तूंमध्यें राहून त्यांस धरतो. हा द्रव प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो, दोन्ही बाजूंचें मऊ झालेलें प्लास्टिक एकमेकांत मिसळतें, आणि द्रव उडून गेला कीं सांधा एकजीव होतो. लोहार लोखंड तापवून सांधतो, त्याच जातीचें हें सांधणें आहे. म्हणून द्रव थोडा लावावा, रबराच्या पट्ट्यांनीं धड बांधून ठेवावें, आणि एक अहोरात्र त्यास हात लावूं नये. पाऊण मीटर लांबीचें धड किंचित् वांकलेलें असण्याचा संभव असतो. तें सपाट फळीवर ठेवून सरळ असल्याची खात्री करून घ्यावी. नंतर सांध्यावर लांबी भरून, ती वाळल्यावर प्रथम भरड व मग बारीक पॉलिश पेपर पाण्यांत भिजवून घांसावा. बोटांस गुळगुळीत लागलें म्हणून समाधान मानूं नये. राखी अस्तराचा एक हात द्यावा. डोळ्यांस न दिसलेली खांच अस्तर तेव्हांच उघडी करितें.

धड तयार होत असतां बुरूज, धुराडीं, होड्या आणि कप्तानाचा पूल हे भाग स्वतंत्र जोडून ठेवावेत. सर्व एकदम जोडून टाकिलें, तर मागाहून कुंचला आंत पोंचत नाहीं. तोफेच्या नळीकडे विशेष लक्ष द्यावें. पंधरा इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटरचें तोंड १/३५० मध्यें जेमतेम १.१ मिलिमीटरचें होतें. तें हातानें फिरविण्याच्या बारीक गिरमिटानें कोरावें, आणि एका बुरुजांतील दोन्ही नळ्या समांतर आहेत हें समोरून पाहून ठरवावें. डोलकाठ्यांमधील तारांसाठीं चौकटीचाच टाकाऊ तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, तिला न लावतां, तापवावा आणि मऊ होतांच दोन्ही हातांनीं सावकाश ओढावा. कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा निघतो. पितळी कठडे शेवटीं बसवावेत. प्लास्टिक विरघळविणारा द्रव धातूस चिकटत नाहीं. त्यासाठीं सायनोॲक्रिलेट नांवाचा शीघ्र चिकटणारा पदार्थ सुईच्या टोंकानें कणाकणानें लावावा लागतो.

रंग :— रंगाच्या बाबतींत उतावीळपणा फार घातक होतो. रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर जाड बसला असें समजा. १/३५० प्रमाणांत त्याचा अर्थ, खऱ्या जहाजावर पावणेदोन सेंटिमीटर जाडीचा गिलावा! साऱ्या बारीक रेषा त्याखालीं गडप होतील. म्हणून रंग पातळ करून अनेक हात द्यावेत, आणि प्रत्येक हात वाळूं द्यावा. दुसरी गोष्ट अंतराची. प्रतिकृति आपण एका फुटावरून पाहतों. १/३५० प्रमाणांत तें अंतर शंभर मीटरांहून थोडें अधिक होतें. इतक्या दुरून खऱ्या जहाजाचा रंग हवेमुळें किंचित् फिका व निस्तेज दिसतो. म्हणून जाणते लोक डबींतील मूळ रंगांत थोडा फिका रंग मिसळितात आणि चकाकी मारून टाकितात. लांकडी डेकची वीतभर रुंदीची फळी धरली, तर प्रतिकृतीवर ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच अधिक भरते. तेथें प्रत्येक फळी निराळ्या रंगानें रंगविण्यापेक्षां एकंदर छटा साधणें शहाणपणाचें. गंज व पाण्याचे ओघळहि बेतानें दाखवावेत. आरमारी जहाजावरील खलाशी सकाळ-संध्याकाळ तें घांसून-पुसून रंगवीत असत, याचा विसर पडूं नये.

पालकांच्या शंका :— पालक मंडळींच्या मनांत येथें तीन शंका येतील. पहिली खर्चाची. मोठ्या प्रमाणाची प्रतिकृति खरोखरच महाग असते; परंतु आरंभ लहान खोक्यापासूनच करावा, आणि एक प्रतिकृति दोघां-तिघांनीं मिळून केली तर तींत अधिक गोडी असते. दुसरी शंका धोक्याची. सुरी नेहमीं बोटांपासून दूर चालवावी, द्रव व रंग खिडकी उघडी ठेवून वापरावेत, फवाऱ्यानें रंग देतांना नाकातोंडावर योग्य मुखवटा असावा, घांसतांना पाणी वापरावें म्हणजे भुकटी उडत नाहीं, आणि लहान मुलांनीं मोठ्यांच्या देखरेखीखालींच काम करावें. तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे : संहाराचें साधन मुलाच्या हातीं खेळणें म्हणून द्यावें काय? अशानें त्यास युद्धाची गोडी लागणार नाहीं काय?

ही शंका उडवून लावण्यासारखी नाहीं. तिचें उत्तर प्रतिकृतींतच शोधावें असें मला वाटतें. 'हूड'च्या बाजूचें चिलखत सर्वांत जाड ठिकाणीं १२ इंच होतें. प्रतिकृतींत तें ०.८७ मिलिमीटर होतें, म्हणजे हातांतील प्लास्टिकच्या भिंतीहूनहि पातळ. दारूकोठारांवरील मुख्य डेकचें चिलखत तर सर्वांत जाड ठिकाणीं ३ इंच होतें. प्रतिकृतींत तें ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीचे दोन कागद एकावर एक ठेविल्याएवढें. जहाजाची मोठी सुधारणा करण्याचें योजिलें होतें, पण १९३९ मध्यें युद्ध सुरू झाल्यामुळें तें राहून गेलें. ज्या मुलानें स्वतःच्या हातानें हे बुरूज बसविले आणि हे हिशेब केले, त्याला जगांतील सर्वांत मोठ्या जहाजाचें बळ किती आणि दुबळेपणा कोठें, हें कोणीं उपदेश न करितां समजतें.

ता. २४ मे १९४१ रोजीं पहांटे, ग्रीनलंड व आइसलंड यांमधील समुद्रांत, 'हूड' व 'प्रिन्स ऑफ वेल्स' या जहाजांची गांठ 'बिस्मार्क' व 'प्रिन्झ ऑयगेन' या जर्मन जहाजांशीं पडली. लढाईस तोंड लागून दहा मिनिटेंहि झालीं नाहींत तोंच 'बिस्मार्क'चा गोळा लागून 'हूड'च्या पिछाडीकडील दारूकोठारें उडालीं, आणि सुमारें तीन मिनिटांत तें प्रचंड जहाज दिसेनासें झालें. जहाजावर १,४१८ माणसें होतीं. त्यांपैकीं तिघे वांचले. बुडालेल्यांत सतरा वर्षांचे मुलगे होते. आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांहून ते फारसे मोठे नव्हते.

साधारण उंचीचा मनुष्य १/३५० प्रमाणांत पांच मिलिमीटरचा होतो, एका तांदळाच्या दाण्याएवढा. 'हूड'वरील सर्व माणसें या मापाचीं करून एकापुढें एक आडवीं ठेविलीं, तर ती रांग सात मीटरांहून लांब होईल. आपल्या एका वर्गाच्या भिंतीएवढी, आणि पाऊण मीटरच्या जहाजाच्या नऊ पटींहून अधिक. त्या सात मीटरांतून परत आले ते दीड सेंटिमीटर. हा हिशेब ज्यानें फळ्यावर मांडून पाहिला आहे, तो मुलगा युद्धनौकेकडे केवळ ऐटीची वस्तु म्हणून पाहील, असें मला वाटत नाहीं. युद्ध म्हणजे काय हें न जाणतां तोफांची ऐट वाटणें यांत धोका आहे. जहाज आंतबाहेर जाणून घेणें यांत तो नाहीं.

जहाजें फार काळ टिकत नाहींत. मुंबईच्या गोदींत सागवानाचें बांधलेलें आणि १८१७ सालीं पाण्यांत उतरलेलें 'त्रिंकोमाली' आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें जपलेलें आहे. पण असें भाग्य थोड्याच जहाजांस लाभतें. आपल्या आरमाराचें पहिलें विमानवाहू जहाज 'विक्रान्त' १९६१ मध्यें सेवेंत आलें, १९९७ मध्यें निवृत्त झालें, आणि पुढें २०१२ पर्यंत मुंबईच्या बंदरांत संग्रहालय म्हणून उभें होतें. कित्येक पालकांनीं तें लहानपणीं पाहिलें असेल. त्यांच्या मुलांस तें पाहतां येणार नाहीं. कारण २०१४ मध्यें तें मोडण्यास सुरुवात झाली. त्याच नांवाचें नवें जहाज २०२२ मध्यें आरमारांत आलें आहे. पण जुन्याचा आकार, त्याची डोलकाठी, त्याचें डेक हें सर्व आतां आराखड्यांत, छायाचित्रांत आणि प्रतिकृतींतच उरलें आहे. 'हूड'ची गोष्ट तीच. २००१ मध्यें त्याचे अवशेष सुमारें २,८०० मीटर खोल पाण्यांत सांपडले. २०१५ मध्यें त्याची घंटा वर काढण्यांत आली, आणि दुसऱ्या वर्षीं पोर्ट्‌स्मथ येथील आरमारी संग्रहालयांत ती ठेवण्यांत आली. वांचलेल्या तिघांपैकीं शेवटचे गृहस्थ, टेड ब्रिग्ज, २००८ मध्यें वारले. आतां त्या जहाजाचा शेवट त्याच्यावरून पाहिलेला कोणीहि उरला नाहीं. म्हणून जो कोणी त्याची प्रतिकृति करितो, त्याच्याकडे साक्षीदाराचें काम येतें. आणि साक्षीदारानें पदरचें घालूं नये व माहीत असलेलें गाळूं नये, एवढें कोणासहि समजेल.

शेवटीं एक सूचना. प्रतिकृति पुरी झाली म्हणजे तिच्याखालीं लांकडी पाट करावा, धूळ बसूं नये म्हणून वर कांचेची पेटी ठेवावी, आणि पाटावर एक लहानशी पट्टी लावावी. त्या पट्टीवर स्वतःचें नांव घालण्याची घाई करूं नये. तिच्यावर जहाजाचें नांव, प्रमाण आणि तारीख लिहावी : 'हूड', १/३५०, मे १९४१. आणि जागा उरली, तर तिच्याखालीं माणसांची संख्या लिहावी.